गाडी तुम्ही चालवा, कॉलेज त्याला बघू द्या

एका आईचा प्रश्न आला आहे. मुलगा १७ वर्षांचा, शाळेचं शेवटचं वर्ष. जे कॉलेज मनात आहे ते घरापासून साधारण ४०० किलोमीटरवर. दोघं गाडीने जाऊन बघून येणार आहेत. त्या लिहितात, "घरात तो 'हो', 'नाही' आणि 'बघू' या तीन शब्दांत दिवस काढतो. गाडीत इतके तास काय बोलायचं? तिथं गेल्यावर नेमकं काय बघायचं? भांडण न होता परत येता येईल ना? आणि धाकट्या मुलीलाही बरोबर न्यावं का?"

धाकटीचं शेवटी सांगतो. आधी माझी फजिती ऐका.

थोरल्या लेकीला घेऊन असाच एक कॉलेज बघायला गेलो, तेव्हा मला करिअर समुपदेशन करायला लागून दहा वर्षं झाली होती. म्हणजे सगळं कळतं असं वाटायचं वय. तिथल्या विभागात एक प्राध्यापक भेटले. भला माणूस, बसा म्हणाले, वेळ दिला. मी खिशातून कागद काढला. अभ्यासक्रम शेवटचा कधी बदलला, प्रयोगशाळेत एका टेबलावर किती मुलं, इंटर्नशिप मुलं स्वतः शोधतात की कॉलेज मिळवून देतं... कागदावर १४ प्रश्न होते, चौदाच्या चौदा विचारले, उत्तरं लिहूनही घेतली. मागे वळून बघतो तर लेक दाराबाहेर उभी राहून भिंतीवरच्या नोटिशी वाचतेय. परतीच्या वाटेवर नव्वदेक किलोमीटर ती एक शब्द बोलली नाही. टोलनाक्यावर रांगेत थांबलो तेव्हा समोर बघतच म्हणाली, "बाबा, तुम्हीच घ्या ना तिथं ॲडमिशन. तुम्हाला आवडलंय."

तेव्हापासून पालकांना एकच सांगत आलोय. या प्रवासात तुमचं काम ड्रायव्हरचं. कॉलेज बघायला तो चाललाय. ड्रायव्हर वेळेवर पोचवतो, गाडीत तेल आहे की नाही बघतो, रस्ता चुकला तर वळवून घेतो. कोणाच्या घरी चाललोय आणि तिथं काय बोलायचं, हे मागं बसलेला ठरवतो. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात जीभ चावून बसावं लागतं.

निघण्याच्या आधी एक बोलणं घरीच उरकून घ्या, पैशाचं. तुम्हाला वर्षाला किती झेपेल तो आकडा त्याला सरळ सांगा. 'बघू, करू काहीतरी' असं म्हणू नका. मी पाहिलेल्या निम्म्याहून जास्त भांडणांचं मूळ इथं असतं: पोराचा त्या जागेवर जीव जडतो आणि परतीच्या वाटेवर आईबाप म्हणतात, 'परवडणार नाही रे.' मग नेलंत कशाला, हा त्याचा प्रश्न बरोबरच असतो. आकडा ठरवताना फक्त फी धरू नका. राहणं, जेवण, अनामत, सुट्ट्यांना घरी येण्याजाण्याचं भाडं, पुस्तकं-लॅपटॉप आणि दरवर्षी होणारी वाढ, हे सगळं चार वर्षांसाठी मांडा आणि तो कागद त्याच्यासमोर ठेवा. सतरा वर्षांच्या मुलाला बेरीज येते. आपण ती त्याला दाखवत नाही, एवढंच.

हे बोलणं गाडीत का नको? गाडीतल्या बोलण्याची एक गंमत आहे. दोघांची तोंडं समोर रस्त्याकडे असतात, एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. म्हणून जेवणाच्या टेबलावर न सुटणारी जीभ गाडीत सुटते, याचा अनुभव मुलं वाढवलेल्या प्रत्येकाला असेल. पण ही सोय दुधारी आहे. घरात विषय तापला तर पोरगं उठून खोलीत जाऊ शकतं. ताशी ऐंशीच्या वेगाने धावणाऱ्या गाडीतून ते कुठं जाणार? म्हणून माझा नियम असा: ज्या विषयावर समोरच्याला उठून जावंसं वाटेल, तो विषय चालत्या गाडीत तुम्ही काढायचा नाही. त्याने काढला तर ऐकायचा. मार्क, मोबाइल, तो मित्र जो तुम्हाला आवडत नाही, सगळं यात आलं.

याला सुरक्षेचीही बाजू आहे. ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. वाद घालताना दोन सेकंद त्याच्या तोंडाकडे बघितलंत तर ४४ मीटर रस्ता न बघता कापलात. तापलंच तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या, खाली उतरा, पाय मोकळे करा.

आता निघण्याची वेळ. आपल्याला वाटतं, पहाटे चारला निघालो की गर्दी टळते, दहाला तिथं हजर. पण वयात येताना मुलांच्या शरीराचं घड्याळच पुढं सरकतं. रात्री झोप उशिरा येते आणि पहाटे उठणं जड जातं, तो नुसता आळस नसतो. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. चारला उठवलेलं पोर गाडीत झोपणार, आणि कॉलेजच्या दारात उतरेल तेव्हा त्याला घरी जाऊन पुन्हा झोपावंसं वाटत असेल. त्या मनःस्थितीत त्याने जगातलं कुठलंही कॉलेज बघितलं तरी त्याचं मत 'ठीक आहे' हेच असेल. ४०० किलोमीटर म्हणजे थांबे धरून सात-आठ तास. आदल्या दिवशी सावकाश निघा, तिथं मुक्काम करा, दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने कॉलेज बघा. एका दिवसात जाऊन-येऊन करायचा हट्ट धरू नका. चालवणाऱ्यालाही दर दोन तासांनी थांबायला हवं, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमाराला पेंग येतेच, रात्री नीट झोपलेल्यालाही येते. डोळे मिटायला लागले तर खिडकी उघडून किंवा गाणी मोठी लावून काही होत नाही. गाडी लावून पंधरा-वीस मिनिटं डुलकी काढा.

त्याला शेजारी पुढं बसवा आणि काम द्या. नकाशा त्याच्याकडे, कुठं थांबायचं ते त्याने ठरवायचं, गाणी त्याची. गाणी तुम्हाला सहन होणार नाहीत, हरकत नाही, ऐका. पहिला तास-दीड तास तो कानात इअरफोन घालून बसला तर बसू द्या. आपल्याला शांतता खुपते आणि ती भरून काढायला आपण प्रश्न विचारतो. 'तिथं गेल्यावर नीट लक्ष दे हां', 'काय विचारायचं ठरवलंयस का?' तो पुन्हा इअरफोन घालतो. त्यापेक्षा स्वतःचं काहीतरी सांगा, तात्पर्य न काढता. पहिल्यांदा घरापासून लांब राहिलात तेव्हा काय घोळ झाला होता, पहिल्या महिन्यात रडू आलं होतं का, कुठला निर्णय चुकला. यशाच्या गोष्टी नकोत, त्या त्याने दहा वेळा ऐकल्या आहेत.

आणि मधेच कधीतरी, बहुतेक तुम्ही ओव्हरटेक करत असताना, तो एखादं मोठं वाक्य टाकेल. 'मला खरं तर हे शिकायचंच नाहीये.' किंवा 'मला तिथं कोणी मित्र मिळणार नाही.' ब्रेक मारू नका, पायानेही नाही आणि तोंडानेही नाही. 'हं' म्हणा. थोडं थांबून 'कधीपासून वाटतंय?' एवढंच विचारा. उपाय सांगू नका. इतकी वर्षं हे काम करूनही माझ्या तोंडात उपाय आधी येतो, म्हणून सांगतो.

कॉलेज कधी बघायचं? सत्र चालू असतानाचा साधा कामाचा दिवस. परीक्षा नको, सुट्टी नको, शक्यतो त्यांचा पाहुण्यांसाठी सजवलेला दिवसही नको. त्या दिवशी फुगे असतात, हसऱ्या स्वयंसेवकांची फौज असते, बिघडलेला लिफ्टही दुरुस्त झालेला असतो. मात्र आधी फोन करून परवानगी घ्या, विशेषतः हॉस्टेल आणि प्रयोगशाळा आतून बघायची असेल तर. फोन त्याला करू द्या. तीन मिनिटांच्या त्या फोनसाठी तो तीन दिवस टाळाटाळ करेल. करू द्या, पण तुम्ही लावू नका. पुढं हॉस्टेलचा नळ बिघडेल तेव्हा कोण फोन करणार आहे?

आवडतं कॉलेज सगळ्यात आधी बघायला जाऊ नका, हाही एक सल्ला. कॉलेज बघणं शिकावं लागतं. जवळचं, मनात नसलेलं एखादं आधी बघितलं की नजर तयार होते आणि तुलनेला काहीतरी हाताशी येतं. एका दिवसात एकच, फार तर दोन. तिसऱ्या इमारतीपाशी सगळ्या भिंती सारख्या दिसायला लागतात.

गेटमधून आत गेलात की पहिलं काम: वेगळे व्हा. खरंच सांगतो, अर्धा-पाऊण तास दोघांनी दोन दिशांना जायचं. तुम्ही कार्यालयात जा. प्रवेश रद्द केला तर फी किती आणि कधी परत मिळते, हॉस्टेलमध्ये जागा पहिल्या वर्षापुरती की शेवटपर्यंत, रात्री दोनला मूल आजारी पडलं तर कोण नेतं आणि दवाखाना किती लांब, हे प्रश्न तुमचे आहेत आणि ते रुक्षच आहेत. त्याने विभागात जायचं, ग्रंथालयात जायचं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठायचं. शेजारी आईबाप उभे असले की ती मुलं जाहिरातीसारखी बोलतात. तो एकटा असला तर खरं बोलतात. 'कॉलेज कसं आहे?' असं विचारलं तर 'मस्त आहे' हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारायचं: मागच्या आठवड्यात किती तास झाले आणि किती बुडाले? शेवटचा आजारी पडलास तेव्हा काय केलंस? तुमच्या वर्गातलं कोणी सोडून गेलं का, का गेलं? शनिवारी संध्याकाळी तू कुठं असतोस? हे प्रश्न आदल्या रात्री मुक्कामाच्या ठिकाणी त्यालाच काढू द्या, त्याच्या शब्दांत. तुमची भर हवीच असेल तर दोन प्रश्नांची, आणि तीही त्याने विचारलं तर.

कुठं बघायचं याबद्दल मात्र मला थोडं लांबण लावू द्या, कारण इमारती फसवतात.

प्रयोगशाळेत महागडं उपकरण दाखवतील. उपकरणाकडे बघू नका, त्याच्या शेजारी लटकवलेल्या नोंदवहीकडे बघा. कोणी, कधी, किती वेळ वापरलं याच्या नोंदी त्यात असतात. शेवटची नोंद आठ महिन्यांपूर्वीची असेल आणि प्लास्टिकच्या आवरणावर धूळ असेल, तर ते उपकरण पाहुण्यांना दाखवण्यासाठी आहे. एका ठिकाणी मी बघितलेल्या वहीत गेल्या वर्षभरात फक्त सात नोंदी होत्या, त्यातल्या चार एकाच अक्षरात. दुसऱ्या एका ठिकाणी उपकरण जुनं, बटणावरचे आकडे बोटांनी पुसून गेलेले, पण वहीचं पान त्याच आठवड्यात भरलेलं. मी माझ्या पोराला या दुसऱ्या ठिकाणी पाठवेन.

सूचना फलकावर सगळ्यात जुनी नोटीस कोणत्या तारखेची आहे ते वाचा. कार्यक्रम होऊन सहा महिने झाले तरी पत्रक तिथंच असेल, तर कोणाचं लक्ष नाही. विद्यार्थ्यांनी हाताने लिहून लावलेलं काही दिसतं का? क्लबची जाहिरात, हरवलेला कॅल्क्युलेटर, नाटकासाठी माणसं हवीत. असं दिसलं तर तिथं जगणं चालू आहे. ग्रंथालय दुपारी पाचनंतर बघा: किती खुर्च्या भरल्या आहेत, प्लगपॉइंट चालतात का. हॉस्टेलमधली दाखवायची खोली सोडा, मजल्याच्या टोकाचं संडास-बाथरूम बघा. आणि तिथल्या मेसमध्ये एक वेळ जेवा, त्याने मुलांच्या टेबलावर, तुम्ही दुसऱ्या टेबलावर.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात. तुम्ही गाडीने गेलात, पण तो पुढं बसने किंवा रेल्वेने ये-जा करणार आहे. म्हणून स्टेशन किंवा बसस्थानकापासून गेटपर्यंतचा रस्ता एकदा त्याच्याबरोबर पायी चाला, जमल्यास अंधार पडल्यावर. दिवे आहेत का, वर्दळ किती, सामान घेऊन हे अंतर जमेल का, सगळं वीस मिनिटांत कळतं.

नोकरीचे आकडे कोणी सांगितलेच तर दोनच गोष्टी विचारा: सरासरी सांगताय की मध्यक, आणि किती जणांपैकी? दहा मुलांतल्या नऊ जणांना ४ हजार पगार आणि एकाला ४४ हजार, तर सरासरी ८ हजार निघते. तो पगार दहातल्या एकालाही मिळालेला नाही. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, इथं तो ४ हजारच. आणि 'शंभर टक्के' हे सगळ्या वर्गाचे आहेत की नाव नोंदवलेल्यांचेच, हे विचारल्यावर समोरचा माणूस किती वेळ घेतो, त्यावरूनही पुष्कळ कळतं.

आता पहिल्या नजरेबद्दल. मुलं म्हणतात, 'मला तिथं गेल्या गेल्याच कळलं.' या कळण्याला मान द्यावा, पण त्याची थोडी झडतीही घ्यावी. उरी सायमनसोन या संशोधकाने २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात कडक आणि मौजमजेत कमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका विद्यापीठाला भेट देऊन गेलेल्या १,२८४ इच्छुक विद्यार्थ्यांचे निर्णय त्याने तपासले आणि भेटीच्या दिवशी आभाळ किती ढगाळ होतं ते त्याच्याशी ताडून बघितलं. ढगांचं प्रमाण एका प्रमाण विचलनाने, म्हणजे एरवी दिवसादिवसांत साधारण जेवढा फरक पडतो तेवढ्याने, वाढलं की तिथं प्रवेश घेण्याची शक्यता ९ टक्केबिंदूंनी वाढलेली दिसली, म्हणजे ४० असती तर ४९. मळभ आलं की पुस्तकं जवळची वाटतात, लख्ख उन्हात खेळायला जावंसं वाटतं, आणि आजचं हे वाटणं आपण पुढच्या चार वर्षांना लावून मोकळे होतो, असा त्याचा अर्थ. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने एक चांगलं कॉलेज गेटवरचा रखवालदार वसकन बोलला म्हणून नाकारलं होतं. हसू नका, आपणही घर भाड्याने घेताना असंच करतो.

म्हणून त्याच्या फोनमध्ये चार गोष्टींची नोंद असू द्या: त्या दिवशीचं हवामान, रात्री किती तास झोपला, भूक लागली होती का, कोणी उद्धटपणे किंवा फार गोड बोललं का. नंतर दोन कॉलेजांची तुलना करताना ही ओळ आधी वाचायची.

गेटबाहेर पडल्यावर पहिली पंधरा मिनिटं तुम्ही एक शब्द बोलायचा नाही. 'काय, कसं वाटलं?' हेसुद्धा नाही. तेवढ्या वेळात त्याने फोनमध्ये स्वतःच्या आवाजात आठवेल ते बोलून ठेवायचं, किंवा लिहायचं. तुमच्यासमोर बोलायला लाजत असेल तर गाडीबाहेर जाऊन. तुम्ही 'किती छान परिसर आहे ना!' म्हणालात की त्याचं मत तुमच्या मताला होकार किंवा विरोध बनतं, त्याचं उरत नाही. पालकांना हे सगळ्यात अवघड जातं. एक वडील मला म्हणाले, "सर, पंधरा मिनिटं मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो." वाजवा.

मग त्याने काढला तर विषय. नाही काढला तर एखादा कडेकडेचा प्रश्न चालेल: आज बघितलेल्यांपैकी कोणाशी तुझं जमेल असं वाटलं? तिथं कुठल्या जागी तू अभ्यास करत बसलेला दिसतोस? निर्णय मागू नका. दोन रात्री झोपून उठल्यावर, घरी, तो आवाज पुन्हा ऐकून मग बोलायचं. त्याला आवडलं आणि तुम्हाला नाही, असं झालं तर तुमची हरकत एका वाक्यात आणि कारणासकट सांगा, 'हॉस्टेल पहिल्या वर्षापुरतंच आहे, पुढं खोली शोधावी लागेल.' 'मला नाही बरं वाटलं' या हरकतीला त्याच्याकडे उत्तर नसतं, म्हणून तो चिडतो.

भांडण होणारच नाही असं मी सांगत नाही. चारशे किलोमीटर दोनदा, त्यात एखादी चुकलेली वाट, एखादा 'मी सांगितलं होतं ना डावीकडे.' झालं तर झालं. पुढच्या थांब्यावर तुम्ही आधी बोला, कारण मोठ्या तुम्ही आहात.

आणि धाकटीला न्यायचं का? या खेपेला नको. ती मागून 'अजून किती वेळ' विचारेल, दादाची टिंगल करेल, आणि तो तिच्यासमोर आपली भीती कधीच बोलणार नाही. पण तिला तसं सांगू नका. तिची पाळी येईल तेव्हा तिच्याबरोबरही अशीच एकटीने जाईन, आणि गाणी तिची लावेन, असं कबूल करा. माझ्या धाकट्याने हे कबूल करून घेतलं होतं, सहा वर्षांनी आठवण करून दिली, आणि जाताना-येताना मिळून अकरा तास मला एकच ड्रमवाला ऐकवला.